श्रोत्यांचा कौल आणि निवडक पदे: सातारा–सांगलीच्या संगीताभिरुचीचा इतिहास

एखाद्या कलावंताच्या शेकडो रचनांमधून गाजलेल्या तेवढ्या वेचून त्यांचा संग्रह काढायचा आणि मग कोणती रचना अन्यायाने वगळली गेली, कोणती विनाकारण घेतली गेली, यावर श्रोत्यांनी हिरिरीने वाद घालायचा, ही रीत ध्वनिमुद्रिकांच्या व्यवसायाने आणली, असे सामान्यतः मानले जाते. कृष्णाकाठच्या सातारा आणि सांगली या जिल्ह्यांचा इतिहास पाहिला म्हणजे हा समज टिकत नाही. निवड करणारा श्रोता येथे यंत्राच्या आधीपासून होता. यंत्राने त्याचा कौल फक्त कायम केला, आणि तो कायम करताना पुष्कळ काही गाळले. या दोन जिल्ह्यांचा विचार एकत्र करणेही योग्य ठरते, कारण आजचा सांगली जिल्हा जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि सांगली, मिरज यांसारखी पटवर्धनांची संस्थाने यांतून घडला; १९४९ मध्ये तो ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत, संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ हा प्रयोग केला, तेव्हा त्यातील पद्ये पात्रे गात नसत. कथानक सांगणारी पद्ये, म्हणजे आख्यान, सूत्रधार गाई, आणि त्या अनुरोधाने पात्रे आपली भाषणे आयत्या वेळी रचून बोलत. या आख्यानांतील पद्ये भाव्यांनी पुढे स्वतःच एकत्र करून १८८५ मध्ये ‘नाट्यकवितासंग्रह’ या नावाने प्रसिद्ध केली. मराठी रंगभूमीवरील पद्यांच्या या आरंभीच्या संग्रहामागील हेतू जतनाचा होता. कोणते पद्य लोकांना अधिक आवडले, हा निकष त्याला नव्हता. कर्त्याने केलेला संग्रह आणि श्रोत्यांच्या कौलातून तयार झालेला संग्रह यांतला भेद समजण्यासाठी हे उदाहरण मोलाचे आहे, कारण पहिल्यात आख्यान आख्यान म्हणून राहते, तर दुसऱ्यात त्याचे सुटे तुकडे होतात.

हा दुसरा प्रकार संभवनीय झाला तो अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या १८८० च्या ‘संगीत शाकुंतल’पासून. किर्लोस्करांनी सूत्रधाराचे गाणे पात्रांच्या मुखी दिले. या नाटकात पदांची संख्या दोनशेच्या आसपास होती. मात्र त्यांतील पुष्कळशी पद्ये साकी, दिंडी, कामदा अशा परिचित चालींतली, दोन-चार ओळींत संपणारी आणि संवादाचेच काम करणारी होती. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी हाच संप्रदाय ‘मृच्छकटिक’ (१८८७) आणि ‘शारदा’ (१८९९) या नाटकांत पुढे नेला. वृद्धाशी लावल्या जाणाऱ्या बालिकेच्या लग्नाचा प्रश्न मांडणाऱ्या ‘शारदा’तील पदे सहज ओठांवर बसणारी होती, कारण देवलांनी बोलण्याची लय गाण्यात राखली होती. अशा पदाला कथेबाहेर काढले तर त्याची चाल उरते. ते कोण कोणाला कोणत्या अडचणीत म्हणत आहे, हे मात्र उरत नाही.

देवलांनंतर सांगलीचेच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर संगीत नाटकाकडे वळले आणि किर्लोस्कर मंडळीने १९११ मध्ये त्यांचे ‘मानापमान’ रंगमंचावर आणले. गोविंदराव टेंबे यांनी त्याच्या चाली बांधताना हिंदुस्थानी संगीतातील ठुमरीसारख्या ललित प्रकारांचा आधार घेतला. पुढे १९१६ च्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखले यांनी रागदारीतील बंदिशी योजल्या. पदांची संख्या घटली, पण एकेक पद विस्ताराने गाण्याजोगे झाले. येथेच ‘वन्स मोअर’ला, म्हणजे आवडलेले पद पुन्हा म्हणण्याच्या प्रेक्षकांच्या मागणीला, खरा जोर आला. पुन्हा मागितलेले पद नट नव्या ताना-हरकतींनी सजवून गाई, प्रयोग रात्रभर लांबे आणि कथानक तिष्ठत राही. नाटकाची गाण्याची बैठक झाली, हा आक्षेप त्या काळापासून घेतला गेला आणि तो खोटा नव्हता. पण वन्स मोअर हाच श्रोत्यांचा पहिला जाहीर कौल होता, हेही तितकेच खरे. कोणत्या पदाला तो मिळाला आणि कोणते पद एकदाच म्हणून पुढे जावे लागले, यावरून गाजलेल्या पदांची यादी नाट्यगृहातच तयार होत गेली.

या कौलात एकमत असेच असे नव्हे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमान’मध्ये गायक-नट बालगंधर्व यांची नायिका भामिनी आणि गायक-नट केशवराव भोसले यांचा नायक धैर्यधर समोरासमोर उभे राहिले, तेव्हा रसिकांचे दोन पक्ष आधीपासूनच ठरलेले होते. बलवंत संगीत मंडळीचे मास्टर दीनानाथ मंगेशकर, ज्यांचे वास्तव्य पुढे सांगलीत होते, यांनी त्याच नाटकातील काही पदे वेगळ्या, अधिक आक्रमक चालींत गायिली. एकाच पदाच्या दोन चाली गाजल्यावर संग्रहात कोणती घ्यावी, हा प्रश्न निव्वळ आवडीचा राहत नाही. पद नाटककाराचे, चाल बांधणाऱ्याचे की गाणाऱ्याचे, असा तो प्रश्न होतो.

नाट्यगृहाबाहेर हाच कौल पैशांत मोजला जाई. जुन्या सातारा जिल्ह्यातील, आज सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात असलेल्या रेठरे हरणाक्ष येथे १८६६ मध्ये जन्मलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी घरची वृत्ती सोडून तमाशात गेले आणि पठ्ठे बापूराव या नावाने त्यांनी लावण्या आणि वग, म्हणजे तमाशाच्या उत्तरार्धातील कथानाट्ये, रचली. तमाशात आणि विशेषतः गायिका-नर्तिकांच्या संगीतबारीत श्रोता आवडत्या लावणीची फर्माईश करी आणि तिच्यासाठी पैसे देई. या देण्याला दौलतजादा म्हणतात. ज्या लावणीला फर्माईश होई ती ताफ्यांमधून टिकून राही, जिला नसे ती गायिकेच्या वहीत किंवा स्मरणातच संपे. साताऱ्यातील वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांनी बैठकीची लावणी, म्हणजे बसून अदा आणि स्वर यांच्या साहाय्याने एकेक ओळ खुलवण्याचा प्रकार, अखेरपर्यंत जपला. एकाच ओळीचे अनेक भाव दाखवणारी ही कला श्रोत्याच्या प्रतिसादावर उभी असते, आणि म्हणून फर्माईशीला केवळ बाजारी व्यवहार समजणे हा त्या श्रोत्यावर आणि त्या गायिकांवर अन्याय आहे.

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रण कोलकात्यात १९०२ मध्ये सुरू झाले. किर्लोस्कर मंडळीचे पहिल्या पिढीतील श्रेष्ठ गायक-नट भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्येच निवर्तले होते. ज्या आवाजाने संगीत नाटकाला लोकप्रियता मिळवून दिली तो आवाज त्यामुळे कोणत्याही संग्रहात येऊ शकला नाही. नंतरच्या गायकांचे गाणे तबकडीवर आले ते तिच्या मर्यादेसह. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. रंगमंचावर वन्स मोअर घेत अर्धी घटका चालणारे पद त्या मापात बसवताना विस्तार गेला. ज्या साक्या आणि दिंड्यांवर कथा चाले, त्यांना तबकडीवर क्वचितच जागा मिळाली. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीने छापायचे काय, हे खपावरून ठरे आणि खप श्रोत्यांच्या आधीच झालेल्या मतावर अवलंबून असे, त्यामुळे नाट्यगृहातला कौल दुकानातही तसाच उमटला.

पद नाटकातून किती सुटे झाले होते याची साक्ष मिरजेत मिळते. तेथे स्थायिक झालेले किराणा घराण्याचे अध्वर्यू अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) यांनी ‘मानापमान’मधील देवगांधार रागातील पद ध्वनिमुद्रित केले. खाँसाहेब त्या नाटकातील पात्र म्हणून ते गात नव्हते; पदातील प्रसंग मागे पडून राग आणि आर्त स्वर पुढे आला, आणि ती ध्वनिमुद्रिका स्वतंत्र कलाकृती म्हणून मान्य झाली. सुटे होण्यात केवळ हानीच असते असे नाही, हे या उदाहरणावरून दिसते. १९३२ पासून मराठी बोलपट आले, नाटक मंडळ्या एकामागून एक बंद पडल्या आणि पुढच्या पिढीला नाटक न पाहताच त्यातील पदे माहीत झाली. १९६३ मध्ये आकाशवाणीचे सांगली केंद्र सुरू झाल्यावर गावोगावच्या श्रोत्यांना नाट्यसंगीत घरबसल्या मिळू लागले, आणि ‘आपली आवड’सारख्या कार्यक्रमांसाठी पत्राने गाणे कळवण्याची पद्धत रूढ झाली. वन्स मोअरची आरोळी आणि फर्माईशीचा रुपया यांची जागा आता पोस्टकार्डाने घेतली.

निवडीचा हा पेच केवळ मराठी नाही. बीटल्स या इंग्लंडमधील रॉक संगीतसमूहाचा ‘वन’ हा संग्रह २००० मध्ये निघाला, तेव्हा ब्रिटन किंवा अमेरिकेतील खपाच्या यादीत प्रथम क्रमांक मिळवलेली २७ गाणीच त्यात घेतली गेली. त्यामुळे ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ हे त्या समूहाच्या श्रेष्ठ रचनांमध्ये गणले जाणारे गाणे, १९६७ मध्ये ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या स्थानावर थांबल्यामुळे, बाहेर राहिले. नवख्या श्रोत्याला असा संग्रह उत्तम प्रवेशद्वार वाटतो, तर जाणत्या श्रोत्याला मूळ क्रम आणि संदर्भ तुटल्याची खंत वाटते. ‘शारदा’ किंवा ‘मानापमान’ यांच्या निवडक पदांबद्दल मराठी रसिकांमध्ये असलेले दोन पक्ष याच दोन भूमिकांवर उभे आहेत, आणि दोन्ही भूमिकांत तथ्य आहे.

या इतिहासाचा निष्कर्ष असा की निवडक पदांचा संग्रह हा कर्त्याच्या कर्तृत्वाचा पुरावा म्हणून अपुरा असतो, परंतु श्रोत्यांच्या अभिरुचीचा दस्तऐवज म्हणून त्याची बरोबरी दुसरे साधन क्वचितच करते. देवल केवळ चार-सहा गोड पदांचे कवी नव्हते आणि पठ्ठे बापूराव केवळ शृंगाराच्या लावण्यांचे शाहीर नव्हते. तसे ते दिसतात याचे कारण पिढ्यान् पिढ्यांच्या कौलाने बाकीचे मागे टाकले. म्हणून नाट्यपदांचा किंवा लावण्यांचा नवा संग्रह काढताना प्रत्येक रचनेसोबत तिचे नाटक किंवा वग, प्रसंग, गाणारे पात्र आणि चाल बांधणारा यांची नोंद असायला हवी, आणि गाजलेल्या पदाशेजारी त्याच प्रवेशातील साकी-दिंडीलाही जागा मिळायला हवी. श्रोत्याने आपला कौल देत राहावे, तो त्याचा जुना अधिकार आहे. मात्र त्याच्यासमोर नाटक सबंध ठेवण्याची जबाबदारी संपादकाची आणि अभ्यासकाची आहे, आणि मराठी नाटकाचा पाया जिथे घातला गेला त्या सांगलीतून ती पार पाडली जाणे अधिक उचित होईल.