प्लेग, मांजर आणि १९०८ साल

महाराष्ट्रातील प्लेगचा इतिहास आपण माणसांच्या नावांनी लक्षात ठेवला आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात हा रोग ओळखणारे डॉ. व्हिएगस, रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेलेल्या सावित्रीबाई फुले, पुण्यात सोजिरांकरवी घरोघर झडत्या घेणारा रँड आणि २२ जूनच्या रात्री त्याच्यावर गोळ्या झाडणारे चापेकर बंधू. याच इतिहासात एक चार पायांचे पात्रही वावरते. त्याच्याकडे इतिहासकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही. ते पात्र म्हणजे मांजर.

मुळशी तालुक्यातील भाताच्या गावांतून फिरताना जुन्या माणसांच्या तोंडून दोन गोष्टी मी पुन्हा पुन्हा ऐकल्या. उंदीर पडू लागले की गाव मोकळे करून माळावर झोपड्या घालायच्या, ही पहिली. आणि आंबेमोहोराची कणगी ज्या घरात, त्या घरात मांजर हवेच, ही दुसरी. पहिल्या गोष्टीत उंदीर आणि प्लेग यांचा संबंध उघड दिसतो. शास्त्राला तो पटायला मात्र वेळ लागला. जून १८९८ मध्ये पॉल-लुई सीमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत एक प्रयोग केला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. त्याने प्लेगने आजारी असलेला उंदीर काचेच्या बरणीत ठेवला आणि जवळच जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणे शक्य नव्हते; पिसवा तेवढ्या उड्या मारू शकत होत्या. काही दिवसांत निरोगी उंदीरही प्लेगने मेला. पिसवा कमी पडू नयेत म्हणून सीमाँने त्या एका मांजराच्या अंगावरून घेतल्या होत्या. म्हणजे या शोधाला मांजराचा हातभार लागला तो शिकारीमुळे नव्हे, अंगावरच्या पिसवांमुळे. पुढे १९०५ पासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाने केलेल्या कामातून पिसवांची भूमिका पक्की झाली.

आता प्रश्न उंदरांचा उरला. १९०८ मध्ये लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन या अमरावतीच्या सरकारी डॉक्टराने ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांजर हे प्लेगचे प्रतिबंधक असल्याचे मांडले. गावोगावची मांजरे मोजून, जिथे मांजरे भरपूर तिथे प्लेग कमी, असा हिशेब त्याने दिला. त्याच वर्षी जपानला गेलेल्या रॉबर्ट कॉख यांनीही मांजरे पाळण्याचा सल्ला दिला.

हा उपाय लोकांना का रुचावा, हे समजणे अवघड नाही. झडतीत परका माणूस देवघरापर्यंत शिरत होता, रुग्णाला घरच्यांपासून तोडून छावणीत नेत होता. मांजरासाठी यातले काहीच करावे लागत नव्हते. कणगीपाशी ते आधीच बसलेले होते. माझ्या मते सरकारलाही ते म्हणूनच सोयीचे होते. मांजराला पगार लागत नाही, आणि गावात गटार बांधायलाही ते सांगत नाही.

पण ब्यूकॅननच्या मोजणीत एक रकाना नव्हता: मांजराला स्वतःला काय होते? प्लेगचा उंदीर खाल्लेल्या मांजराला प्लेग होतो आणि ते माणसालाही देऊ शकते. अमेरिकेच्या पश्चिम भागात १९७७ ते १९९८ या काळात मांजरांपासून प्लेग झालेल्या २३ व्यक्तींची नोंद आहे. त्यांपैकी ५ दगावल्या. आजारी उंदीर मंदावतो आणि सहज सापडतो. त्यामुळे साथ सुरू झाल्यावर रक्षकच वाहक होण्याची शक्यता वाढते. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. साथीच्या दिवसांत या म्हणण्याचा अर्थ फार वेगळा होतो.

आणि एक योगायोग. त्याच १९०८ साली ट्युनिसमध्ये निकोल आणि मांसो यांना एका उंदरासारख्या प्राण्यात ‘टॉक्सोप्लाझ्मा’ हा सूक्ष्म परजीवी सापडला. त्याचे बीज मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडते, हे स्पष्ट व्हायला १९७० उजाडले. ते दाखवणाऱ्या संशोधकांत भारतात जन्मलेले जितेंदर दुबे होते. एकीकडे मांजराला शाबासकी मिळत होती, दुसरीकडे त्याच वर्षी त्याच्याविरुद्धचा पुरावा हाती आला होता, आणि तो वाचायला साठ वर्षे लागली.

आज मुळशीत कणग्या कमी झाल्या आणि बंगले वाढले. मांजर ओसरीवरून बिछान्यात आले. म्हणून जुना हिशेब नव्याने मांडायला हवा. गर्भवतीच्या घरातून मांजर हाकलून देण्याची गरज नाही. टॉक्सोप्लाझ्माचे बीज विष्ठेत पडल्यावर बाधक व्हायला एक ते पाच दिवस घेते, म्हणून घाण रोज काढावी आणि ती दुसऱ्या कोणी काढावी. हा संसर्ग मातीतून आणि अर्धकच्च्या मांसातूनही होतो. भाजीचा वाफा खणणाऱ्यांनी हात धुणे तितकेच महत्त्वाचे. नायटा बहुधा पिल्लांकडून मुलांना होतो आणि औषधाने बरा होतो. ओरखड्यानंतर गाठी येऊन ताप आला तर डॉक्टरांना मांजराचा उल्लेख जरूर करावा. रेबीजची गोष्ट वेगळी. तो झाल्यावर जवळजवळ इलाज नाही. मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लशीसाठी दवाखाना गाठावा. ‘कुत्रा नव्हे, मांजरच तर होते’ हे वाक्य घातक आहे.

ब्यूकॅननची मोजणी सर्वस्वी खोटी होती, असे मी म्हणणार नाही. मांजरे उंदीर मारतात, आणि उंदीर कमी तर पिसवाही कमी. पण त्याने मांजर काय खाते एवढेच पाहिले. ते काय घेऊन येते, हे पाहायचे राहून गेले. शेजारी राहणाऱ्या कोणत्याही प्राण्याशी आपले नाते या दोन्ही बाजूंनी मोजावे लागते. त्यात मांजराचा अपमान नाही. उलट त्याला औषधाची बाटली न समजता, आजारी पडू शकणारा एक जीव म्हणून पाहण्याची ती सुरुवात आहे.