लायपेज (धुलाईतील)

लायपेज : तेल-तूप फोडणारे विकर (एंझाइम). तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्ले. लायपेज पाण्याच्या मदतीने ती जोडणी, म्हणजे एस्टर बंध, सोडवते. स्वतः ते पाण्यात राहते, तेल मात्र पाण्यात मिसळत नाही. त्यामुळे काम चालते ते दोन्ही भिडतात त्या सीमेवर. बहुतेक लायपेजांच्या क्रियास्थानावर एक झडप असते. तेलाला टेकले की ती उघडते.

धुण्यात विकरे वापरण्याचे पेटंट जर्मनीच्या ओटो र्‍योम यांनी १९१३ मध्ये घेतले. ती विकरे जनावरांच्या स्वादुपिंडातली होती आणि सोड्यापुढे त्यांचा टिकाव लागत नसे. सूक्ष्मजीवांपासूनचे लायपेज पावडरीत आले ते थेट १९८८ मध्ये : डेन्मार्कच्या नोवो कंपनीचे ‘लायपोलेज’. जनुक थर्मोमायसिस लॅन्युजिनोसस या बुरशीचा, उत्पादन मात्र ॲस्परजिलस ओरायझी या दुसऱ्या बुरशीकडून. गंमत म्हणजे ते बादलीत फारसे चालत नसे. कपडा वाळत असताना, अर्धवट ओला असताना त्याला जोर येई आणि डाग पुढच्या धुण्यात निघे. पहिल्याच धुण्यात गुण देणारी सुधारित रूपे नंतर निघाली.

पावडरीचे पाणी अल्कधर्मी असते, म्हणून त्यात तगणारे विकर लागते. अशा विकरांच्या शोधात पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने लोणारच्या खाऱ्या सरोवरातले जिवाणू अभ्यासले. तिथे भर प्रामुख्याने प्रथिने फोडणाऱ्या प्रोटिएजवर होता. प्रोटिएज पावडरीत लायपेजच्या शेजारीच असते आणि लायपेजही प्रथिनच, तेव्हा शेजारी शेजाऱ्याला खातो. पावडर बनवणाऱ्यांना त्याचा बंदोबस्त करावा लागतो.

चंद्रपूर जिल्ह्यातील जिवतीसारख्या डोंगरी भागात सदऱ्यावर मोहाच्या बियांचे तेल सांडले, तर लायपेज उपयोगी. एस्टर बंध तिथे आहेत. ट्रॅक्टरच्या ग्रीसमधले खनिज तेल हायड्रोकार्बनचे, तिथे त्याचे काही चालत नाही. जवसाच्या तेलाने वाळून पापुद्रा धरला की तेही अवघड, म्हणून डाग ताजा असतानाच कोमट पाण्यात भिजत घालावा. परटाच्या भट्टीतले उकळते पाणी विकर निकामी करते. शिवाय पायथ्याचा गडचांदूरचा पट्टा चुनखडीचा, त्यावर सिमेंटचे कारखाने उभे आहेत. चुनखडीतून येणारे पाणी जड असते. त्यातल्या कॅल्शियमशी सुटी मेदाम्ले जुळून न विरघळणारा साका बनतो आणि तो कापडाला चिकटतो.

लोण्या-तुपाच्या डागावर आणखी एक अडचण : सुटलेल्या ब्युटिरिक आम्लाचा खवट वास धुतलेल्या कपड्याला येतो.