दहीहंड्याचं मीठ आणि आपलं पाणी



मागच्या बैठकीत एका ताईनं आम्हाला विचारलं, "विहिरीचं पाणी उकळलं त खारेपणा जाते ना व?" याचं उत्तर आपल्या वऱ्हाडातल्या माणसांनी १९३० सालीच चुलीवर दाखवून दिलं आहे.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. मिठावर कर होता आणि स्वतः मीठ तयार करणं गुन्हा होता. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीच्या समुद्रकिनारी मीठ उचलून तो कायदा मोडला. वऱ्हाडात समुद्र नाही. मग मीठ आणायचं कुठून? आपल्या पूर्णेच्या खोऱ्यात खाऱ्या विहिरी होत्या ना! त्याच एप्रिलमध्ये ब्रिजलाल बियाणी, वीर वामनराव जोशी अशा पुढाऱ्यांसोबत सत्याग्रही अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला जमले. विहिरीचं खारं पाणी उकळून त्यांनी मीठ काढलं.

हे घडलं कसं? मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन यांची जोडी. पाण्यात ते इतकं बारीक विरघळतं की फडक्यानं गाळलं तर गाळ अडकतो, मीठ खाली निघून जातं. तुरटीनंही गढूळपणा बसतो, खारेपणा नाही. उकळलं की पाण्याची वाफ होऊन उडते, पण मीठ उडत नाही. एक लिटर पाण्यात साधारण ३६० ग्रॅम मीठ मावतं. पाणी आटत गेलं की जास्तीचं मीठ दाणे होऊन खाली बसतं.

आता त्या ताईचं उत्तर. उकळल्यानं जंतू मरतात, ते चांगलंच. पण खारेपणा जात नाही, उलट पाणी आटल्यानं थोडा वाढतो. आम्ही गटात गंजभर पाणी आटवून पाहिलं, तळाशी पांढरा थर उरला. तो थर स्वयंपाकात घालू नका. त्यात मिठासोबत दुसरेही क्षार असतात.

खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरला आहे. तिथं घागरभर गोड्या पाण्यासाठी बाईचीच पायपीट होते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार चालतात. दुसरी सोयच नसेल, तर २००० पर्यंत. आपल्या विहिरीत किती आहेत, हे चव घेऊन कळत नाही, तपासणी करावी लागते. आरओ यंत्र क्षार काढतं, पण त्यातून बाहेर पडणारं पाणी आणखी खारं असतं. ते परसबागेला देऊ नका. पावसाचं पाणी मात्र गोडं असतं. पहिल्या सरीनं छप्पर धुऊन निघालं की पुढचं पाणी टाकीत साठवता येतं.

दहीहंड्याला लोक मिठाच्या हक्कासाठी उभे राहिले. आपल्याला गोड्या पाण्यासाठी उभं राहायचं आहे. येत्या ग्रामसभेत सगळ्या मिळून जाऊ आणि आपल्या विहिरीच्या, हापशीच्या पाणी तपासणीचा अहवाल वाचून दाखवा म्हणू. अहवाल नसेल, तर तपासणीचा ठराव मांडू.