काजळी, संगमरवर आणि लेसरचा किरण

व्हेनिस म्हटले की आपल्या लोकांना १५१६ सालचा घेट्टो आठवतो. त्याच शहरात १९७२ साली आणखी एक इतिहास घडला. कॅलिफोर्नियाचे भौतिकशास्त्रज्ञ जॉन अ‍ॅस्मस झिजत चाललेल्या पुतळ्यांची होलोग्राम-चित्रे घेण्यासाठी तेथे गेले होते. रुबी लेसर हाताशी होताच. त्याने दगडावरचा मळ निघतो का, हेही त्यांनी पाहिले. काळी खपली उडाली आणि खालचा संगमरवर शाबूत राहिला.

यात जादू नाही. धुरातील गंधकामुळे संगमरवरावर जिप्सम तयार होते, त्यात काजळी अडकते. आम्ही शनवार तेल्यांचे वंशज. काजळी कशी चिकटते हे आम्हाला सांगायला नको! काळी खपली प्रकाश शोषून तापते व उडून जाते. पांढरा दगड तोच प्रकाश परतवतो. मळ संपला की किरणाचे कामही आपोआप थांबते.

याचे मोल लंडनकडे पाहिले म्हणजे कळते. ब्रिटिश म्युझियममध्ये १९३७-३८ साली पार्थेनॉनची शिल्पे पांढरीशुभ्र दिसावीत म्हणून तांब्याच्या हत्यारांनी व कार्बोरंडमने घासण्यात आली. पितळेचा दिवा चिंचेने घासावा तसा हा प्रकार. मळाबरोबर मूळ पृष्ठभागही गेला, तो कायमचा.

अथेन्सने घाई केली नाही. नुसत्या अवरक्त किरणाने दगड पिवळसर दिसू लागतो, म्हणून क्रीट बेटावरील संशोधकांनी १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त व ३५५ नॅनोमीटरचा अतिनील असे दोन किरण एकत्र वापरले. पार्थेनॉनच्या पश्चिमेकडील शिल्पपट्टीवरचे प्राचीन थर त्यामुळे वाचले. पुढे २०११ ते २०१४ या काळात अ‍ॅक्रोपोलिस म्युझियममधल्या पाच कॅरिएटिड, म्हणजे डोक्यावर छत पेलणाऱ्या पाषाणस्त्रिया, प्रेक्षकांच्या देखतच स्वच्छ करण्यात आल्या. सहावी बहीण अजून लंडनलाच आहे.

कोकणातल्या आपल्या पूर्वजांच्या कबरींना हा उपाय चालेल काय, असे कोणी विचारील. जेथे दगडच काळा आहे तेथे हा हिशेब बसत नाही. मळही काळा, दगडही काळा. किरणाने थांबावे कोठे? अक्षरांत रंग भरलेला असेल तर आणखी जपावे, कारण हिंगुळासारखे काही रंग लेसरने काळे पडतात. आमच्या मते तेथे स्वच्छ पाणी व मऊ ब्रश बरा, आणि हात लावण्याआधी हिब्रू व मराठी दोन्ही अक्षरांचे फोटो काढून ठेवावेत.