सिंह राशीची ओळख



गुरू ग्रह सिंह राशीत आला की आपल्या नाशकात सिंहस्थ भरतो. २००३ व २०१५ सालचे सिंहस्थ आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असतील. पण ती सिंह राशी आकाशात दाखवा म्हटले, तर किती हात वर होतील? राशी म्हणजे वर्तमानपत्रातील भविष्य, एवढीच आपली समजूत झाली आहे.

एप्रिलच्या मध्यास, रात्री नऊच्या सुमारास गच्चीवर जावे. सप्तर्षींतील क्रतू व पुलह यांना जोडणारी रेषा उत्तरेस ध्रुवाकडे जाते. तीच उलट, दक्षिणेकडे वाढवावी. जवळजवळ डोक्यावर ताऱ्यांचा एक विळा दिसेल. ती सिंहाची मान व आयाळ. विळ्याच्या मुठीशी असलेला ठळक तारा म्हणजे मघा. त्याच्या पूर्वेस तीन ताऱ्यांचा त्रिकोण आहे. त्यातील दोन तारे पूर्वा फाल्गुनी, तर टोकाचा तारा उत्तरा फाल्गुनी.

आता याचा इतिहास पाहा. सिंहाची आकृती प्रथम बाबिलोनच्या लोकांनी कल्पिली. ती ग्रीकांमार्फत भारतात आली. सहाव्या शतकातील वराहमिहिराने सिंहाला दिलेले 'लेय' हे नाव मूळ ग्रीकच आहे. नक्षत्रे मात्र आपल्याकडे त्याहून प्राचीन.

अरबांनीही चंद्राचा मार्ग २८ मंजिलांत विभागला. सूरा यासीनमध्ये या मंजिलांचा उल्लेख आहे. आपले दहावे नक्षत्र मघा, त्यांची दहावी मंजिल जब्हा, म्हणजे सिंहाचे कपाळ. अकरावी जुब्रा ही पूर्वा फाल्गुनी व बारावी सर्फा ही उत्तरा फाल्गुनी होय. मघेच्या ताऱ्याला ते 'कल्बुल असद', सिंहाचे हृदय, म्हणत. अब्दुर्रहमान अस्सूफी यांनी इ. स. ९६४ च्या सुमारास आपल्या ग्रंथात या ताऱ्यांची स्थाने व तेज नोंदवून आकृत्या काढल्या.

पुढे १३७० साली फिरोजशाह तुघलकाच्या आश्रयाने महेंद्रसूरी या जैन पंडिताने उस्तुरलाब या यंत्रावर 'यंत्रराज' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. सुलतान मुसलमान, ग्रंथकार जैन, भाषा संस्कृत, यंत्रविद्या अरबांची! विद्येला परके असे कोणी नसते.

पालकहो, शहराच्या दिव्यांनी तारे फिके पडत चालले आहेत. तेव्हा एखाद्या अमावास्येच्या आसपास मुलामुलींना गावाबाहेर न्या आणि मघा ओळखायला लावा. तिचा जो प्रकाश त्यांच्या डोळ्यांत शिरेल, तो सुमारे ७९ वर्षांपूर्वी तेथून निघालेला असेल, हेही त्यांना अवश्य सांगा.