रेकॉर्डिंगचा डबा, बीडची लाईट आणि व्हिडिओकॉन

गावाकडच्या घरात माळ्यावर एखादा काळा सेट टॉप बॉक्स धूळ खात पडला असेल, तर आजची गोष्ट त्याची. त्यावर ‘व्हिडिओकॉन डीटूएच’ लिहिलेलं असेल, तर अजूनच जवळची. ही आपल्या मराठवाड्यातली कंपनी. धूत कुटुंबाने १९८० च्या दशकात जपानच्या तोशिबाचं तंत्रज्ञान घेऊन रंगीत टीव्ही काढले. औरंगाबादजवळ चितेगावला कारखाना.

आता जरा अमेरिकेत जाऊ. १९९९ मध्ये तिथे टिवो कंपनीचा डिजिटल रेकॉर्डर आला. मालिका हार्डडिस्कवर साठवायची, वेळ मिळेल तेव्हा बघायची. भन्नाट ना? पण केबल आणि डिशवाल्यांनी तीच सोय स्वतःच्या डब्यात घातली. टिवो कोर्टात गेली आणि २०११ मध्ये डिश नेटवर्क (आपली डिश टीव्ही नव्हे) आणि एकोस्टारने ५० कोटी डॉलर देऊन तडजोड केली. कोर्टात जिंकली, पण गिऱ्हाईक हातचं गेलं. २०१६ मध्ये टिवो विकली गेली.

आपल्याकडे टाटा स्काय प्लस २००८ मध्ये रेकॉर्डर घेऊन आलं. व्हिडिओकॉन २००९ मध्ये उतरली, खाजगी डीटीएचमध्ये सहावी. तिची खासियत म्हणजे टीव्ही स्वतःचेच, म्हणून सेट टॉप बॉक्स टीव्हीच्या आतच बसवला. रेकॉर्डिंगवाला एचडी बॉक्सही काढला.

आता बीडमध्ये या. आठची मालिका रेकॉर्ड करायची, तर आठला लाईट पाहिजे! त्या काळात खेड्यात लोडशेडिंग तासन् तास. वीज बनवणारं परळीचं औष्णिक केंद्र आपल्याच जिल्ह्यात, आणि फेब्रुवारी २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी तेच बंद पडलं. इन्व्हर्टर नसलेल्या घरात रेकॉर्डर काय कामाचा?

डीटूएच २०१५ मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅकवर पोचली. पण सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. आधी चार्ज करून ठेवलेल्या मोबाइलला लाईट गेल्याचं काय? माझ्या मते खरा स्पर्धक टाटा स्काय नव्हताच, तो खिशात होता.

नोव्हेंबर २०१६ मध्ये डिश टीव्हीत विलीनीकरण जाहीर झालं, मार्च २०१८ मध्ये पूर्ण झालं. जून २०१८ मध्ये व्हिडिओकॉन इंडस्ट्रीज दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ती काही या डब्यामुळे नाही हं. तेल आणि मोबाइल सेवेसारख्या धंद्यांतलं कर्ज फार जड होतं.

डीटूएचचं रिचार्ज मात्र अजून होतं. पैसे डिश टीव्हीकडे जातात, एवढंच.