शिल्लक रजेचा पैसा : नोकरी सोडताना हक्क काय, हिशेब कसा?

नोकरीचा राजीनामा दिला की कर्मचाऱ्याच्या डोळ्यांसमोर साधारणपणे दोन रकमा असतात. एक भविष्यनिर्वाह निधीची, दुसरी ग्रॅच्युइटीची. तिसरी रक्कम मात्र अंतिम हिशेबाच्या कागदावर एखाद्या ओळीत दडलेली असते आणि पुष्कळदा ती न तपासताच त्याखाली सही होते. ही रक्कम म्हणजे न उपभोगलेल्या रजेचा मोबदला. कार्यालयीन भाषेत यालाच रजेचे रोखीकरण म्हणतात. मालकाने निरोपाच्या वेळी दिलेली ही बक्षिसी नव्हे. ठरावीक दिवस काम केल्यावर पगारी रजा मिळते. म्हणजेच ही रजा कामाच्या बदल्यात मिळवलेली असते. ती प्रत्यक्षात घेतली नाही, तर त्या दिवसांचे वेतन येणे राहते. मात्र ते कोणाला, किती आणि केव्हा मिळणार, हे कर्मचारी कोणत्या कायद्याच्या वा नियमांच्या कक्षेत येतो यावर ठरते.

कोणती रजा मोजली जाते?

नैमित्तिक रजा अचानक उद्भवणाऱ्या कामांसाठी असते. वर्षअखेर ती शिल्लक राहिली तर संपते आणि तिचे पैसे सहसा मिळत नाहीत. आजारपणाच्या रजेबाबत प्रत्येक आस्थापनेचे नियम वेगळे असतात. रोखीकरण होते ते मुख्यतः अर्जित रजेचे. काही ठिकाणी हिलाच हक्काची रजा किंवा विशेषाधिकार रजा म्हणतात. त्यामुळे रजेच्या खात्यात एकूण साठ दिवस दिसत असले, तरी त्यांपैकी अर्जित रजा किती, हे आधी पाहावे लागते.

कायद्यातील तरतुदी

कारखान्यांतील कामगारांसाठी दीर्घकाळ कारखाना अधिनियम, १९४८ लागू होता. कॅलेंडर वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा मिळे आणि ३० दिवसांपर्यंतची शिल्लक पुढील वर्षात नेता येई. हा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये विलीन झाला. नव्या संहितेत दर २० दिवसांमागे एक दिवस हे प्रमाण कायम आहे, पण पात्रतेसाठी २४० ऐवजी १८० दिवसांचे काम पुरेसे आहे. पुढे नेण्याची मर्यादा ३० दिवसांचीच आहे. त्यावरील रजेचे पैसे मागण्याचा हक्क कामगाराला आहे. रीतसर मागूनही नाकारली गेलेली रजा मात्र कोणत्याही मर्यादेविना पुढे जाते.

नोकरी संपतानाचा नियम याहून महत्त्वाचा आहे. कामगाराने नोकरी सोडली किंवा त्याला काढून टाकले, तर त्या वर्षातील किमान दिवसांची अट पूर्ण झालेली नसली तरी केलेल्या कामाच्या प्रमाणात रजेचे वेतन द्यावे लागते, आणि तेही दुसरा कामाचा दिवस संपण्यापूर्वी. कामगाराचा सेवेत असताना मृत्यू झाल्यास ही रक्कम दोन महिन्यांच्या आत वारसाला किंवा नामनिर्देशित व्यक्तीला द्यायची असते. पुढील महिन्याच्या पगाराबरोबर हिशेब करण्याची अनेक ठिकाणची प्रथा या तरतुदीत बसत नाही.

महाराष्ट्रातील दुकाने, कार्यालये आणि अन्य आस्थापनांसाठी २०१७ चा स्वतंत्र राज्य कायदा आहे. त्यानुसार वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा मिळते. वर्षात २४० दिवस काम केलेल्यांना दर २० दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते.

या कायद्यांचे संरक्षण ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांना आहे. व्यवस्थापकीय आणि प्रशासकीय अधिकारी त्याबाहेर राहतात. त्यांचा हक्क नियुक्तिपत्र आणि कंपनीच्या रजा-नियमांवर अवलंबून असतो. म्हणूनच पद कितीही मोठे असले, तरी या कागदांतील रजेचा परिच्छेद रुजू होतानाच वाचलेला बरा.

सरकारी सेवेतील नियम

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना वर्षाला ३० दिवस अर्जित रजा मिळते. दर १ जानेवारी आणि १ जुलैला ती १५-१५ दिवसांनी आगाऊ जमा होते. नियत वयोमानानुसार निवृत्त होताना कमाल ३०० दिवसांचे रोखीकरण मिळते. शेवटचे मूळ वेतन आणि त्यावरील महागाई भत्ता यांच्या बेरजेला ३० ने भागून शिल्लक दिवसांनी गुणले की रक्कम निघते. महाराष्ट्र शासनाच्या सेवेतही निवृत्तीच्या वेळची कमाल मर्यादा ३०० दिवसांची आहे.

राजीनामा आणि निवृत्ती यांत मात्र फरक आहे. केंद्रीय नियमांनुसार राजीनामा देणाऱ्याला शिल्लक अर्जित रजेच्या निम्म्याच दिवसांचा, आणि तोही कमाल १५० दिवसांचा मोबदला मिळतो. २४० दिवस शिल्लक असलेल्या कर्मचाऱ्याने राजीनामा दिला, तर त्याला १२० दिवसांचे पैसे मिळतील. घाईने राजीनामा देणाऱ्याला हा नियम अनेकदा उशिरा कळतो.

भागाकारातील मेख

खासगी क्षेत्रात वादाचे मूळ बहुधा दोन प्रश्नांत असते : कोणते वेतन धरायचे आणि त्याला किती दिवसांनी भागायचे. समजा, मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ३९,००० रुपये आहेत आणि ४५ दिवस रजा शिल्लक आहे. महिन्याचे ३० दिवस धरले तर दिवसाचे १,३०० रुपये होतात आणि एकूण रक्कम ५८,५०० रुपये येते. साप्ताहिक सुट्ट्या वगळून २६ दिवस धरले तर दिवसाचे १,५०० रुपये होतात आणि रक्कम ६७,५०० रुपयांवर जाते. केवळ भाजक बदलल्याने ९,००० रुपयांचा फरक पडतो. कारखाना अधिनियमात प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांच्या सरासरी कमाईवर रजेचे वेतन ठरत असे. इतरत्र कंपनीचा लेखी नियम पाहावा लागतो. मूळ वेतन कमी आणि भत्ते अधिक अशी पगाराची रचना असेल आणि नियमात केवळ मूळ वेतन धरलेले असेल, तर हाती येणारी रक्कमही त्याच प्रमाणात आटते.

नोटिशीचा कालावधी हा दुसरा कळीचा मुद्दा आहे. शिल्लक रजा नोटिशीच्या दिवसांत परस्पर वळती करण्याचा प्रयत्न काही ठिकाणी होतो. कामावरून काढताना द्यायच्या नोटिशीच्या कालावधीत न घेतलेली रजा धरू नये, असे कारखाना अधिनियमात स्पष्ट म्हटले होते. राजीनाम्याच्या वेळी अशी वळती करायची झाल्यास तिला नियमाचा आधार आणि दोन्ही बाजूंची लेखी संमती असावी.

या रकमेतून भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी कापली जावी का, हा प्रश्नही पूर्वी वादग्रस्त होता. रजा रोखीकरणाची रक्कम ‘मूळ वेतना’त मोडत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला.

प्राप्तिकराचा भार

नोकरीत असताना रजा विकून मिळालेले पैसे पूर्णपणे करपात्र असतात. नोकरी सोडताना किंवा निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या रकमेला मात्र सवलत आहे. केंद्र व राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना निवृत्तीच्या वेळी मिळणारी संपूर्ण रक्कम करमुक्त असते. बँका आणि सार्वजनिक उपक्रमांचे कर्मचारी या वर्गात मोडत नाहीत. त्यांना खासगी क्षेत्राचाच नियम लागू होतो.

या नियमानुसार चार रकमांपैकी सर्वांत लहान रक्कम करमुक्त ठरते : प्रत्यक्ष मिळालेली रक्कम, दहा महिन्यांचे सरासरी वेतन, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला कमाल ३० दिवस धरून निघणाऱ्या शिल्लक रजेचे वेतन, आणि सरकारने ठरवलेली कमाल मर्यादा. ही मर्यादा अनेक वर्षे ३ लाख रुपये होती. १ एप्रिल २०२३ पासून ती २५ लाख रुपये झाली.

समजा, २२ वर्षे सेवा करून वर्षाला ३० दिवस रजा मिळवणाऱ्या कर्मचाऱ्याची २४० दिवस रजा शिल्लक आहे आणि त्याचे सरासरी वेतन ८०,००० रुपये आहे. त्याला ६,४०,००० रुपये मिळतील. दहा महिन्यांचे वेतन ८ लाख रुपये होते, त्यामुळे संपूर्ण रक्कम करमुक्त ठरते. जुन्या मर्यादेत यांतील ३,४०,००० रुपयांवर कर भरावा लागला असता. नोकऱ्या कितीही बदलल्या, तरी २५ लाखांची मर्यादा आयुष्यभरासाठी एकच असते. आधीच्या नोकरीत घेतलेली सवलत त्यातून वजा होते.

न्यायालयांची भूमिका

निवृत्तिवेतन, ग्रॅच्युइटी आणि रजा रोखीकरण ही कर्मचाऱ्याची मालमत्ता असून कायद्याचा आधार नसताना केवळ प्रशासकीय आदेशाने ती रोखता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने झारखंड सरकारशी संबंधित प्रकरणात २०१३ मध्ये स्पष्ट केले. राजीनामा दिलेल्या ग्रामीण बँक कर्मचाऱ्यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हेच तत्त्व मान्य केले. रजेचा मोबदला वेतनासारखाच असून तो मालमत्ता ठरतो, असे न्यायालयाने म्हटले.

राजीनाम्यापूर्वी काय करावे?

राजीनामा देण्यापूर्वी रजेच्या खात्याचा उतारा किंवा संगणकावरील नोंदीची छापील प्रत स्वतःजवळ ठेवावी. शेवटच्या दिवसानंतर कार्यालयीन संगणकाचे दार बंद होते. नाकारलेल्या रजेचे अर्ज आणि त्यावरील शेरेही जपावेत. अंतिम हिशेबात रजेचे दिवस, दैनिक दर आणि भाजक स्वतंत्रपणे दाखवण्याची मागणी करावी. ‘सर्व येणी मिळाली’ या वाक्याखाली रक्कम तपासल्याशिवाय सही करू नये. रक्कम अडकल्यास प्रथम लेखी मागणी करावी आणि त्यानंतर कामगार आयुक्त कार्यालयाकडे जावे. वेतन संहितेखाली थकीत रकमेचा दावा करण्यास तीन वर्षांची मुदत आहे. घरातील कर्ता माणूस सेवेत असताना गेला असेल, तर ही मागणी वारसांनाच करावी लागते. त्यासाठी शिल्लक रजेची नोंद घरच्यांनाही ठाऊक असली पाहिजे.